निवडणुकीत पडलेला बिबट्या

"तुमाला पटनार न्हाई," मी म्हणालो, "आजवर कुनालाच पटलं न्हाई. पन आमच्या गावात एक बिबट्या निवडणुकीला उभा राहिला आन सपाटून पडला."

चष्मेवाल्या पाहुण्याचा चहा हातातच राहिला. त्याची बायको हसली. छबूबाईनं गॅस बारीक केला आणि तिचं ठरलेलं वाक्य टाकलं, "झालं सुरू."

छबूबाईची टपरी घोडेगावच्या अलीकडं, आमच्या कारंजवाडीच्या फाट्यावर. नगरकडून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या तिथं चहाला थांबतात, आणि देवाला निघालेल्या माणसाला गोष्ट ऐकायला सवड असते असा माझा अनुभव आहे. बाकड्याचं डावं टोक माझं. माझं नाव ज्ञानेश्वर, पण ते फक्त मतदार यादीत. गावात मी तात्या. बाहत्तरच्या दुष्काळात मी विहिरीच्या तळाशी बसून भरदुपारी चांदण्या मोजल्या. माझ्या बैलाला घोडेगावच्या बाजारातल्या दलालांची बोटांची भाषा कळायची, म्हणून गिऱ्हाईक पसंत नसलं की तो लंगडायचा आणि माझ्याबरोबर घरी परत यायचा. असला माझा माल. छबूबाईचा आणि माझा करार आहे. मी थाप मारली की तिनं 'हे खोटं' म्हणायचं आणि मी मान डोलवायची. पाहुण्यांना त्याचीही गंमत वाटते.

त्या दिवशी टपरीच्या पलीकडच्या शेडात एक बाई नगरच्या एसटीची वाट बघत बसली होती. तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, मांडीवर डब्याची पिशवी, पाठ आमच्याकडं. धुळीमुळं सगळ्याच तसा स्कार्फ बांधतात. मी काही निरखून बघितलं नाही.

"बिबट्याला चिन्ह काय मिळालं होतं, आजोबा?" पाहुण्यानं विचारलं.

"थांबा. आधी ग्रुप सांगतो. मतदान तिथंच झालं."

आणि मी सांगत गेलो.

'आपली कारंजवाडी' नावाचा आमच्या गावाचा ग्रुप आहे. दोनशे बारा माणसं. ऍडमिन गोरक्ष. आठ एकर कांदा, चार एकर ऊस आणि ग्रामपंचायतीचा सदस्य. पूर्वी पारावर माणसं पावसाचं आणि बाजारभावाचं बोलायची, ज्याला जेवढं कळतं तेवढंच. ग्रुप निघाला आणि गावाला सगळंच कळायला लागलं. मोबाईलच्या टॉवरनं चिमण्या मेल्या. उशाशी कांदा चिरून ठेवला की मोबाईलचं रेडिएशन कांद्यात उतरतं. सात समुद्रापलीकडची लढाई कितव्या दिवशी थांबणार हे आमचा गिरणीवाला, जात्यात ज्वारी पडत असताना, एका हातानं टाईप करून सांगायचा. चंद्रावर उतरलेल्या गाडीला मागून ब्रेक असतो की पुढून, यावरून दोघा सख्ख्या साडूंची दोन वर्षं बोलचाल बंद झाली.

"हे खोटं," छबूबाई म्हणाली.

"दोन वर्षं खोटं. तीन आठवडे."

या सगळ्यांत एकच पोरगी अशी, की कुणी काही टाकलं की खाली तीन ओळी लिहायची. प्रज्ञा. कालव्याकडच्या बौद्धवस्तीतल्या भागिरथीची थोरली. बीएस्सी झालेली, नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती लिहायची, 'हे बरोबर नाही. कांदा रेडिएशन ओढून घेत नाही. कृपया पुढे पाठवू नका.' पूर्णविरामासकट. तिच्या खाली लगेच तीस-चाळीस हसरी तोंडं. गाव तिला 'शास्त्रज्ञबाई' म्हणायला लागलं. तोंडावर नाही, ग्रुपवर. त्या हसऱ्या तोंडांत एक माझंही असायचं, ते कबूल करतो.

तर गावाचं असं चाललेलं आणि माझं दुकान बंद पडायला आलेलं. साठ वर्षं मी या भागाला थापा पुरवल्या. आता प्रत्येकाच्या खिशात एक थापाड्या आला, आणि त्याच्याकडं फोटोसुद्धा. माझ्या लंगड्या बैलाला कोण विचारतो. मग एकदा सातबारा काढायला पूजाच्या ऑनलाईन सेंटरवर गेलो. लाईट गेलेली. बसल्या बसल्या पूजा मोबाईल दाखवत म्हणाली, "तात्या, यात काय पाहिजे ते बोला, फोटो काढून देतंय." मी म्हणालो, "बिबट्या काढ. आपल्या डेअरीच्या पायरीवर बसलेला." मी बोललो, आणि विडी पेटायच्या आत तो बसला. बाई, काय बसला होता. पुढ्यात दुधाचं कॅन, अंगावर कवळं ऊन आणि सरळ माझ्याकडं बघतोय. माझ्या बोलण्यातून निघालेलं जनावर माझ्याकडं बघतंय. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

"हे खोटं."

"हे खरं हाय छबूबाई. पानी आलतं."

पूजा नको म्हणत होती. मी फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज पहाटे साडेपाच. डेअरीची पायरी. लेकरं बाहेर सोडू नका.' बस. दुपारपर्यंत माझा बिबट्या कर्जतला पोचला होता आणि तिथल्या डेअरीच्या पायरीवर बसला होता. आमची शाळा तीन दिवस बंद. दूध घालायला माणसं काठ्या घेऊन चौघं-चौघं मिळून. वनखात्याची गाडी आली, पिंजरा आला, पिंजऱ्यात शेळी बांधली. ती शेळी तीन दिवस बसून खाऊन एवढी सुटली की दारातून बाहेर निघेना.

पाहुणी हसली. छबूबाईनं नुसता हात हलवला.

चौथ्या दिवशी प्रज्ञानं लिहिलं, 'फोटोतल्या डेअरीच्या पाटीवरची अक्षरं वाचून बघा. ती कुठल्याच लिपीत नाहीत. पुढच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत.' सगळ्यांनी फोटो मोठा करून बघितला. सहा बोटं. तेव्हा मात्र हसरी तोंडं आली नाहीत. गाव फसलं होतं, आणि ते शास्त्रज्ञबाईनं दाखवून दिलं, हे गावाला जास्त लागलं. वनरक्षक भला माणूस. जाताना एवढंच म्हणाला, पुढच्या वेळी फोन जरूर करा, पण आधी खात्री करा.

आमच्या गावाची एक खोड तुम्हाला सांगायला हवी. हिवरे बाजार बघायला आमची माणसं तीनदा बस करून गेली. तिथं ग्रामसभा सगळं ठरवते आणि ठरलेलं सगळे पाळतात, हे ऐकून आली. पाणी अडवायचं काम घामाचं, ते तिथंच राहिलं. ठराव तेवढे घेऊन आली. तेव्हापासून आमच्याकडं हात वर करून काहीही ठरतं. कुत्र्यांनी कोणत्या गल्लीत भुंकायचं यावरही ठराव झालाय.

"हे खोटं."

"झाला असता."

तर ग्रामसभा भरली. मी उभा राहून सांगून टाकलं, बिबट्या माझा. वाटलं होतं शिव्या बसतील. थोड्या बसल्या. पण मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे यातलं तात्यालाच कळतं. गोरक्षनं ठराव मांडला. यापुढं ग्रुपवर बिबट्याचा फोटो आला तर त्यावर मतदान घ्यायचं. खरा, खोटा, माहीत नाही. संध्याकाळी सहाला मतदान बंद. बहुमत होईल ते गावाचं म्हणणं, आणि तेच वनखात्याला कळवायचं. एकट्यादुकट्यानं परस्पर कळवायचं नाही. सगळ्यांचे हात वर. प्रज्ञा उभी राहिली. म्हणाली, "मतानं जनावर खरं-खोटं कसं ठरंल? जाऊन ठसे बघायला पायजेत." मागून कोणीतरी बोललं, "तू बघ जाऊन. रक्त काढून आन त्याचं, तपासायला." सगळी सभा हसली. ठराव प्रोसिडिंगला लिहिला गेला. सूचक गोरक्ष. अनुमोदनाला माझं नाव घातलं. सही मी मोठी करतो.

इथवर गोष्ट हसण्यावारी होती. पाहुण्यानं दुसरा चहा सांगितला.

मग कांद्याच्या लागवडी सुरू झाल्या. आमच्याकडं लागवड बायकांच्या टोळ्या करतात. पंधरा-वीस जणी, पुढं एक जाणती बाई. ती उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकरकमी मजुरी, ठरवते, सकाळी सगळ्यांना गोळा करते आणि वाफ्यात पहिलं रोप तिच्या हातचं पडतं. वस्तीवरच्या टोळीची जाणती म्हणजे भागिरथी. वाळलेली, काटक, पन्नाशीची. ती पुढं चालायची आणि बाकीच्या मागं. गोरक्षच्या आठ एकरांचं काम तिच्या टोळीनं घेतलं होतं. वस्तीवरून त्याच्या वावराला जायची वाट कालव्याच्या कडेनं. एका हाताला पाणी, एका हाताला ऊस, मध्ये शेतात पाणी सोडायची चौदा नंबरची दारे.

एका सकाळी प्रज्ञानं ग्रुपवर फोटो टाकला. कालव्याच्या पलीकडच्या भरावावर बिबट्या. खाली लिहिलेलं, 'आज सकाळी पावणेसात. चौदा नंबर दारे. फोटो मी स्वतः काढला आहे, अलीकडच्या काठावरून. कृपया पिंजरा मागवा. याच वाटेनं बायका कामाला जातात.' तिनं वनरक्षकाला फोनही केला होता. तो म्हणाला, पिंजरा दुसऱ्या तालुक्यात लावलाय, काढून उद्या सकाळी लवकर आणतो, तोवर उसाकडं कुणाला जाऊ देऊ नका.

मी तेव्हा इथंच बसलो होतो. याच टोकाला. फोटो उघडला.

आता हे नीट ऐका, कारण हे मी कुणाला सांगत नाही. मशीनचा बिबट्या तुमच्याकडं बघतो. माझा बघत होता तसा. त्याला दुसरं काम नसतं. हा आमच्याकडं बघत नव्हता. मान वळवून वस्तीकडच्या शेळ्यांकडं बघत होता. पोट मातीनं माखलेलं. एक कान फाटलेला, डावा. दारेच्या सिमेंटवर चौदाचा आकडा, त्यातला चार अर्धा उडालेला. तो माझ्यासमोर उडाला होता, ट्रॅक्टरची ट्रॉली घासून. असा अर्धा चार कुठल्या मशीनला सुचणार. मी सगळ्या जन्मात खोटंच केलंय, मला खरं लांबून ओळखू येतं.

"मग?" पाहुणी म्हणाली. ती आता हसत नव्हती.

मग ग्रुप सुरू झाला. सावली उलट्या बाजूला पडलीय. एवढ्या मिशा बिबट्याला नसतात. शेपूट नंतर चिकटवलेली दिसतेय. एकाच्या मेहुण्याचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला नव्व्याण्णव टक्के एआय. एकानं तो फोटो दुसऱ्या मशीनला दाखवला, त्या मशीननं सत्त्याऐंशी टक्के खोटा असा दाखला दिला. आणखी एकानं त्याच मशीनला आपल्या बायकोचा फोटो दाखवला, तर ती एक्क्याण्णव टक्के खोटी निघाली. त्यावर अर्धा तास हसणं. परदेशी ॲपची चाल आहे, मोबाईलमधली माहिती काढून घेतात. समोर बिबट्या असताना कोण माणूस मोबाईल काढून फोटो घेईल. प्रज्ञानं लिहिलं, 'मध्ये कालवा होता. माझे हात थरथरत होते, म्हणून दोन फोटो हलले आहेत. तेही टाकते.' तिनं हललेले टाकले. त्याच्याखाली आलं, 'मुद्दाम हलवले.'

आणि मग एक आलं. कुणी लिहिलं ते सांगत नाही, तो माणूस अजून माझ्याबरोबर चहा पितो. 'दोन वर्षं वस्तीच्या खांबावर दिवा मागतायत. दिवा मिळंना म्हणून बिबट्या आणला.' बघता बघता त्याला साठ अंगठे.

दिवा खरंच मागितला होता. तीन अर्ज.

दुपारी बाराला गोरक्षनं मतदान लावलं. खरा, खोटा, माहीत नाही. दिवसभर फाट्यावर जो येईल तो मला एकच विचारी, "तात्या, तुमचाच ना हा?"

"आन तुमी हसायचा," छबूबाई मध्येच म्हणाली. ती कपबशी पुसत होती. वर बघितलं नाही. "मी बघत हुते. कोनीबी इचारलं की तुमी नुसतं हसायचा."

ती असं कधी मध्ये बोलत नाही. करारात बसत नाही ते.

"हसलो," मी म्हणालो. "माणसानं इचारलं की मी हसतो. सवय हाय."

पाच वाजता भागिरथी आली. कामावरून परतताना, रोपांच्या मातीनं हात काळे, मागं टोळीतल्या चार-पाच जणी. गोरक्ष तिथंच बाकावर मोटारसायकलची चावी फिरवत बसला होता. बायका लांब उभ्या राहिल्या. ती पुढं आली.

"तात्या, तुमी सांगा," म्हणाली. "पोरगी म्हनती उद्या जाऊ नका. बाया भ्याल्यात. हे मालक म्हनत्यात बिबट्या मोबाईलातला हाय. रोपं उपटून पडल्यात, उद्या न्हाई लावली तर सुकतेली. आमाला यातलं कळत न्हाई. तुमीच काडलाय का त्यो?"

गोरक्ष म्हणाला, "भागिरथीबाई, सहाला निकाल हाय. गाव सांगंल ते खरं. तुमाला न्हाई जमलं तर मी शेवगावची टोळी आनतो, पुढच्या सालीबी तीच येईल."

"मालक, मी तात्यास्नी इचारते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हसलो. काय सांगू तुम्हाला, तोंडच तसं झालंय.

ती म्हणाली, "बरं, तुमी मत काय दिलं तेवढं तरी सांगा."

मी म्हणालो, "मत गुप्त आसतं बाई. निवडणुकीत कुनी कुनाला सांगत न्हाई."

गोरक्ष मोठ्यानं हसला. भागिरथीही हसली. तिला वाटलं, माझाच. मागं वळून बायकांना म्हणाली, "तात्याचाच हाय गं. चला. उद्या मी म्होरं चालते, तुमी मागनं या." आणि गेल्या.

"तुम्ही सांगायचं होतं ना तिला," पाहुणी म्हणाली.

"मत दिलं हुतं मी," मी म्हणालो. "बटन दाबलं हुतं. एका मतानं काय व्हतंय."

सहाला निकाल लागला. एकाहत्तर जणांनी मत दिलं. खोटा त्रेसष्ट. माहीत नाही तीन. खरा पाच. चार मतं वस्तीवरची असणार, हे सांगायला कुणी नको. पाचवं माझं. गोरक्षनं निकाल ग्रुपवर टाकला, फटाक्यांच्या चित्रासकट, आणि लगोलग वनरक्षकाला फोन लावला. मी ऐकत होतो. "साहेब, पिंजऱ्याची तसदी घेऊ नका. गावानं रीतसर मतदान घेतलंय. हाबी तसलाच." पलीकडून तो काहीतरी विचारत होता. गोरक्ष म्हणाला, "पोरीचं मनावर घेऊ नका. ती ग्रुपवर रोजच लिहिती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात.

इथं मी काही घालत नाही. छबूबाई, तू तोंड उघडायची गरज नाही.

सतरा बायका कालव्याच्या वाटेनं निघाल्या. भागिरथी पुढं, बाकीच्या पंधरा-वीस पावलं मागं. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी आणि पाण्याची बाटली. चौदा नंबर दारेपाशी तिच्या चपलेचा अंगठा निसटला. पाटी खाली ठेवून ती वाकली. वाकलेलं माणूस जनावराला लहान दिसतं. बायकांनी सांगितलं, आवाज असा आलाच नाही. ऊस हलला आणि वाटेवर नुसती पाटी राहिली. त्या ओरडल्या, दगड मारले, दोघी खुरपी घेऊन उसात घुसल्या. एकीनं शेपूट पाहिली. त्यानं तिला सोडलं, पण मान धरली होती.

प्रज्ञा साडेसातच्या गाडीसाठी इथं फाट्यावर उभी होती. तिला इथंच कळलं. पळत गेली ती. डब्याची पिशवी इथं बाकड्यावर राहिली, ती छबूबाईनं दोन दिवस सांभाळली.

भागिरथीला गोरक्षच्याच पिकअपमधून घोडेगावच्या दवाखान्यात नेलं. नेण्यासारखं काही नव्हतं, पण न्यायची पद्धत असते. कांद्याची रोपं बांधावर ठेवलेली, त्याच पिकअपमधून उतरवून. ती त्या दिवशी सुकली.

पिंजरा दहाला आला. तिसऱ्या दिवशी बिबट्या सापडला. डावा कान फाटलेला. त्याला बघायला आख्खा गाव, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. त्याचे फोटो ग्रुपवर पडले, शंभर तरी. त्यातल्या एकाखालीही कुणी लिहिलं नाही की हा खोटा आहे. वस्तीच्या खांबावर दिवा आठवड्याच्या आत लागला. आता तो दिवसासुद्धा चालू असतो, बंद करायला कुणी जात नाही.

पाहुण्यानं कप खाली ठेवला. बायको पदराशी चाळा करत होती.

"पन खरी गोष्ट पुढंच हाय," मी म्हणालो. गोष्ट इथं सोडली तर माणसं जड मनानं गाडीत बसतात, छबूबाईची बिस्किटं घेत नाहीत. "ते मतदान ग्रुपवर तसंच हुतं. गोरक्ष पुसायचं इसरला. आन तुमाला ठावं असंल, मोबाईलवरलं मत मागनं बदलता येतं. भागिरथी गेली त्या दिवशी सकाळपास्नं आकडे हलायला लागले. मयतीला बसलेली मानसं, मान खाली, आन अंगठा चाललेला. खोटा त्रेसष्टाचे चाळीस झाले. चाळिसाचे बारा. तिसऱ्या प्रहरी बघितलं तर खोटा शून्य. खरा सत्तर. एक माहीत नाही, त्यो मानूस दुबईला असतो. आदल्या दिवशी पडलेला बिबट्या दुसऱ्या दिवशी प्रचंड बहुमतानं निवडून आला. आता गोरक्ष ते पुसत न्हाई. उलट कोन पाहुणा आला की दावतो, बघा, गावानं आधीच सांगितलं हुतं."

पाहुणा हळूच म्हणाला, "आणि तुम्ही? तुमचं मत?"

"मला बदलायची गरजच न्हवती. माजं आधीपास्नं खऱ्यालाच हुतं. पाचातलं एक." मी हसलो. "येवढ्या मोठ्या गावात वस्ती सोडून एकट्या थापाड्यानं खरं वळखलं, हे तरी पटतंय का तुमाला?"

मी छबूबाईकडं बघितलं. इथं तिनं 'हे खोटं' म्हणायचं, मग मी 'ह्ये मात्र खरं' म्हणायचं, पाहुण्यांनी हसायचं आणि उठायचं. असंच होत आलंय. या वेळी ती माझ्या पाठीमागं बघत होती.

शेडातली बाई उठून टपरीपाशी आली होती. डब्याची पिशवी खांद्याला. तिनं स्कार्फची गाठ सोडली. वर्ष झालं, तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं आणि मीही ती फाट्यावर यायच्या वेळेला घरी असायचो. आज तिची गाडी उशिरा होती.

नगरची एसटी वळणावर दिसायला लागली. प्रज्ञानं मोबाईल काढला, दोनदा अंगठा फिरवला आणि माझ्यापुढं धरला. हात अजिबात हलत नव्हता.

"तात्या, ग्रुपवरचं मत गुप्त नसतं," ती म्हणाली. "'मते पहा' दाबलं की नावं दिसतात आन नावाखाली वेळ. पहिली पाचही वस्तीवरची होती. मी, नितीन, भारतीकाकू, प्रशांत आन त्याची आई. तुमचं नाव आहे 'खरा'खाली, नाही असं नाही. पन वेळ वाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ बावीस. आई सातला गेली."